खोबऱ्याच्या दोन वाट्या

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात श्रीयुत सोनटक्के यांनी आपल्या प्रवासी व्यवसायाच्या आठवणी सांगताना माझ्यावर एक परिच्छेद खर्च केला. माझे नाव त्यांनी घेतले नाही. पण आमच्या विमानतळावर सामान तपासणारा, पांढऱ्या मिशांचा, कोणाचे न ऐकणारा इसम एकच होता, त्यामुळे नाव घेण्याची गरज पडली नसावी. त्यांनी लिहिले की, खोबऱ्याच्या दोन वाट्यांपायी या गृहस्थाने एका मृत लेकीसाठी निघालेली माहेरची साडी कचऱ्याच्या पिंपात टाकली आणि वर तो हसला. या वाक्यात खोबरे तेवढे खरे आहे.

संपादकांनी मला खुलाशासाठी अर्धे पान देऊ केले होते. ते मी नाकारले. अर्ध्या पानात दिलगिरी मावते, हकिकत मावत नाही. आणि मला दिलगिरी व्यक्त करायची नाही.

माझे काम काय होते ते आधी सांगतो, कारण ते सोनटक्के यांनाही नीट ठाऊक नाही. विमानतळावर तुमचे अंग आणि तुमच्या हातातली पिशवी तपासतात ते गणवेशातले जवान. मी त्यांच्यातला नव्हे. मी विमान कंपनीचा नोकर. काउंटरवर तुम्ही जी मोठी बॅग सोपवता, ती आमच्याकडे पट्ट्यावरून सरकत मागच्या खोलीत येत असे. तेथे क्ष-किरणांचे यंत्र होते आणि त्याच्या पडद्यासमोर मी. पडद्यावर लोखंड निळे दिसते. कापड, कागद, साबण, धान्य, जे जे जमिनीतून उगवते किंवा अंगाला लागते, ते नारिंगी. दोहोंच्या मधले हिरवट. माणसाच्या बॅगेवरून माणूस ओळखता येतो असे मी म्हणणार नाही. पण मुलूख मात्र ओळखता येतो. आमच्या मुलखाच्या बॅगेत कपडे कडेला दाबलेले असतात आणि मध्ये डबे असतात. ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, आणि त्या सर्वांच्या फटीत कोंबलेले खोबरे.

सुके खोबरे विमानात नेता येत नाही. हातातही नाही आणि बॅगेतही नाही. त्यात तेल असते. कोंडलेल्या जागेत ते तापले आणि पेटले, तर आग आवरणे कठीण. हा नियम मी केला नाही. मी फक्त तो पाळला, आणि पाळताना प्रत्येक वेळी कारण सांगितले. बॅगेत खोबरे दिसले की ती बाजूला काढायची, मालकाला बोलावायचे, त्याच्यासमोर बॅग उघडायची, खोबरे काढून त्याच्या हाती द्यायचे आणि बॅग पुढे सोडायची. कुलूप उघडण्यास लागेल तेवढाच वेळ. मात्र मालक समोर नसेल, तर बॅगेला हात लावायचा नाही. पुढे कोणी म्हणू नये की माझी अमुक वस्तू गेली, किंवा तमुक वस्तू माझी नव्हेच. हा नियम प्रवाशाच्या संरक्षणासाठी आहे. हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा उच्चारले. त्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळले.

जवान निरनिराळ्या प्रांतांतले असत. त्यांना मराठी येत नसे आणि आमच्या लोकांचे हिंदी त्यांना उमगत नसे, म्हणून पट्टा रिकामा असला की मला दुभाषा म्हणून बोलावत. एकदा करमाडचे एक काका हातातल्या पिशवीत विळी घेऊन आले. विळी साधी नव्हे, पाटासकट.

मी म्हणालो, "काका, ही हातात नेता येत नाही. आधी सांगितलं असतं तर मोठ्या बॅगेत गेली असती."

"मी काय कुनाला कापाया चाललो का? सुनंला हाय. तिकडं चाकूनं चिरती ती भाजी."

"तुम्ही कापणार नाही. दुसऱ्यानं घेतली तर?"

काकांनी जवानाच्या खांद्यावरची बंदूक नीट पाहिली. "त्याच्याजवळ एवढी मोठी हाय, आन् भ्या माझ्या विळीचं?"

जवानाने विचारले, काय म्हणतात? मी सांगितले, समजले म्हणतात.

दुसऱ्या एक बाई तपासणीच्या चौकटीसमोर वहाणा काढून उभ्या राहिल्या, चौकटीला नमस्कार केला आणि मग आत गेल्या. रांगेतले लोक हसले. सोनटक्के हा किस्सा आपल्या वर्गात अजून सांगतात आणि तेथेही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. ज्या दारातून जाताना आपण बारीक होतो, त्या दाराशी वहाणा काढाव्या, हे त्या बाईला कोणी शिकवले नव्हते.

आणखी एक प्रसंग येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज आहे. गुलमंडीवरचे एक कापड दुकानदार एकदा काउंटर बंद झाल्यावर धावत आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "मुंबईला भाऊ गेला," एवढेच म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने वर कळवले, वरच्यांनी वैमानिकाला कळवले, आणि विमान त्या एका माणसासाठी उभे राहिले. त्यांची बॅग मी स्वतः शिडीपर्यंत पोचवली. विमान कोणासाठी थांबत नाही असे लोक म्हणतात. ते थांबते. त्याला कारण सांगावे लागते.

आता श्रीयुत सोनटक्के. पडेगावात त्यांचे कार्यालय आहे. ते सहली नेतात, तिकिटे काढून देतात आणि मंगल कार्यालयात ‘पहिला विमानप्रवास’ या विषयावर वर्ग घेतात. म्हणून त्यांना सर्व जण सर म्हणतात. त्यांच्या वर्गाने शेकडो लोकांची भीती घालवली, हे मी मान्य करतो. पट्टा कसा बांधावा, कानात दडे बसले तर काय करावे, हे ते छान सांगतात. पण त्यांच्या शिकवणीत दोन गोष्टी होत्या. एक अशी की, सुरक्षा तपासणी झाली की खुर्चीवर बसायचे आणि विमानाची हाक येईपर्यंत उठायचे नाही, कोणी नाव घेऊन बोलावले तरी नाही. एकदा त्यांचे दोन वृद्ध प्रवासी कोणाच्या तरी मागे भलत्याच दाराशी गेले होते, तेव्हापासूनचा हा धडा. दुसरी अशी की, घरात आजारपण किंवा मयत असेल तर विमानतळावर त्याचा उच्चार करायचा नाही, नाहीतर डॉक्टरचा कागद मागतात आणि अडकवून ठेवतात. आजारी प्रवाशाकडे डॉक्टरचा दाखला मागतात हे खरे. त्याचा मृत्यूशी काय संबंध, हे सोनटक्क्यांनी कधी कोणाला विचारले नाही.

लग्नसराई होती. दुपारचे दिल्लीचे विमान. त्या काळी दिल्लीला दिवसातून तेवढेच. माझ्या पडद्यावर एक लहानशी बॅग आली आणि तिच्यात काय आहे ते मला क्षणात कळले. एक नारळ. मूठभर तांदळाची पुरचुंडी. हळकुंडे. काचेच्या बांगड्यांची चळत. घडी घातलेली एक साडी. आणि दोन वाट्या, पालथ्या, नारिंगी. भरलेली ओटी होती ती. आमच्या घरातून माझ्या दोन बहिणी आणि एक मुलगी अशीच ओटी घेऊन सासरी गेल्या. मला ती ओळखायला यंत्राची गरज नव्हती. पण एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. पडद्यावर साडीचा रंग दिसत नाही. हिरवी साडी तेथे हिरवी नसते.

मी बॅग बाजूला काढली. चिठ्ठीवर एकनाथ असे नाव होते. पट्टा चालू असताना यंत्र सोडून जाता येत नाही, म्हणून मी आमचे शेखभाई यांना बिनतारी संचावर सांगितले. शेखभाई दारावरचे काम पाहत. त्यांचा आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी अडत नसे. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून नाव घेतले, मग प्रतीक्षागृहात फिरून घेतले.

"साब, पुकार पुकार के गला बैठ गया. कोई उठताच नै."

"पुन्हा घ्या."

"घेतो ना. मेरे बाप का नाम भी इतना नै लिया मैंने."

एकनाथराव तेथेच बसलेले होते. शेजारी त्यांची वहिनी कौतिकाबाई. शेखभाई त्यांच्या समोरून गेले, हे मला नंतर कळले. ते सापडले तेव्हा विमानात चढण्याच्या रांगेत होते आणि सामानाचा कप्पा बंद होण्याच्या बेतात होता. संचावर शेखभाईंचा आवाज आला:

"साब, मिल गए. मैंने बोला, पीछे आके बॅग खोलो, नै तो बॅग यहीं रहेगी. और अब पीछे आए तो जहाज छूटने का डर है. वो बोलते, रहने दो. कुछ खास नै, शादी का आहेर है बोलते."

"नीट विचारा."

"दो बार पूछा साब. साथ में बुढ़िया है, पल्लू में मुँह डालके रो रही. मायके से निकली होगी."

मी म्हणालो, ठीक आहे.

विमान गेले. बॅग राहिली. खोबऱ्यासकट ती दुसऱ्या दिवशीही पाठवता येत नव्हती आणि मालकाशिवाय उघडताही येत नव्हती. ती आमच्या कोठीत फळीवर ठेवली. ती पिंपात गेली नाही. कोणी हसले नाही. मी नियमाप्रमाणे वागलो, शेखभाई नियमाप्रमाणे वागले. या कामात कोठे चूक काढता येईल असा एकही सांधा नाही. मी अनेकदा तपासला आहे.

दहावा आटोपून ती दोघे परत आली आणि विमानातून उतरून थेट आमच्या खोलीशी आली. एकनाथराव मान खाली घालून उभे होते. कौतिकाबाई अजिंठ्याच्या, उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर मोठे गोंदण. त्यांनी विचारले, "आमची पिशी राह्यली व्हती, ती इथंच हाय का?"

मी बॅग आणली आणि माझ्या सवयीप्रमाणे जरा थट्टेने म्हणालो, "लग्न पार पडलं का, मावशी?"

त्यांनी दिराकडे पाहिले. दिराने भिंतीकडे.

"कशाचं लगन?" त्या म्हणाल्या. "लेक गेली माझी."

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याआधी बाई गेली तर तिच्या अंगावर शेवटचे वस्त्र माहेरचे घालतात. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, भरलेली ओटी. माहेरचे लोक पोचेपर्यंत तिला उचलत नाहीत. लेक नांदायला निघते तेव्हा जी ओटी, तीच निघून जाते तेव्हा. माझ्या यंत्राला दोहोंतला फरक कळत नाही. मलाही कळला नाही.

मी बॅग उघडली. आता मालक समोर होता.

"ह्यातलं काय नडलं?" कौतिकाबाईंनी विचारले.

मी दोन वाट्या काढून दाखवल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग काढून फेकायच्या ना भाऊ. खोबऱ्याचं काय इतकं."

"मालक समोर असल्याशिवाय बॅग उघडता येत नाही, मावशी. म्हणून तर नाव पुकारत होतो."

एकनाथराव तेव्हा प्रथमच बोलले. "आम्ही ऐकत व्हतो, साहेब. लई येळा ऐकलं. पर सोनटक्के सरांनी बजावलं व्हतं. तिकिटाचा कागद देतानाच म्हनले, नाव घेतलं तरी उठू नका. आन् मयताचं त्वांडातून काढू नका, लगनाला चाललो म्हना, नायतर बसू देत नाहीत."

"आणि दारात विचारलं तेव्हा?"

"तवा वाटलं, सामान मागून येतंच. वहिनीला पोरीचं त्वांड तरी दिसंल. पिशीसाठी थांबलो आन् इमान गेलं, तर तेबी नाय."

मी त्यांना दोष देत नाही. चुकीचे शिकवलेल्या माणसाने शिकवल्याप्रमाणे वागणे हा गुन्हा नव्हे. मी इतकेच म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, की एक शब्द सांगितला असता तर विमान उभे केले असते, गुलमंडीच्या दुकानदारासाठी केले होते. आणि मालकाने येऊन बॅग उघडली असती तर खोबरे काढून ओटी दिल्लीला गेली असती. मालक आला नाही, त्याला मी काय करणार?

कौतिकाबाईंनी साडीवरून हात फिरवला. "मालक, मालक काय करता, भाऊ? जिची व्हती ती तिकडं पडली व्हती. ती कशी येनार व्हती तुमच्यापाशी?"

  

मग तिकडे काय केले, असे मी विचारले. त्या सांगू लागल्या, जसे कोणी दुसऱ्याच्या घरचे सांगावे तसे. "ऊन लई व्हतं तिकडं. थांबत नव्हते लोक. जावयानं खालच्या दुकानातून साडी आनली. चांगली व्हती, भारीतली व्हती. हिरवी भेटली नाय, निळी भेटली. मला म्हनले, आई, तुमच्या हातानं पांघरा, म्हंजे माहेरचीच झाली. पांघरली."

मग म्हणाल्या, "म्या तिला कानात सांगितलं, बाई, ही नव्हं. तुझी येतीया मागून."

मी त्यांना चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. निघताना एकनाथरावांनी बॅगेला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या. तिच्यासाठी निघालेली ओटी माघारी उंबऱ्यात न्यायची नसती." नारळ, तांदूळ, बांगड्या वाटेत नदीत सोडायला एका फडक्यात बांधून घेतले. साडी टेबलावरच ठेवली. मी म्हणालो, मावशी, बेवारस वस्तू येथे फार दिवस ठेवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला वाद घालता आला असता.

"मंग तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशीच राह्यली ना ती."

सोनटक्के यांना ही हकिकत कोठून कळली ते मी विचारलेले नाही; एकनाथरावांनीच केव्हातरी सांगितली असावी. तिच्यातून त्यांनी स्वतःला वगळले आणि पिंप घातले. निवृत्तीनंतर एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्या वर्गाला गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. ते रंगात आले होते. "खोबरं दिसलं की यांचं यंत्र बोंब मारतं," असे म्हणून त्यांनी साडीची गोष्ट सुरू केली. पिंपापर्यंत आले तेव्हा मी उभा राहिलो.

"या, या," सोनटक्के म्हणाले. "मंडळी, हेच ते साहेब. ऐकू या त्यांचीही बाजू."

मी सर्व सांगितले. येथे सांगितले त्याहून थोडक्यात, पण क्रमाने. नाव घेतले तरी उठू नका हे कोणी शिकवले ते सांगितले. मयत लपवा हे कोणी शिकवले ते सांगितले. सोनटक्के म्हणाले, "मी सर्वसाधारण सूचना देतो. प्रसंग पाहून डोकं चालवायचं असतं." मी म्हणालो, डोके चालत नसते अशाच वेळी लोक तुमच्याकडे येतात. दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटले, आता समजले.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. पांढऱ्या केसांच्या, साध्या. "दादा, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पर मंग साडी पोचली का?"

"नाही."

"आन् पिंपात टाकली असती, तर?"

"तरी पोचली नसती."

"मंग झालं की," असे म्हणून त्या खाली बसल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच फरक दिसत नव्हता. मी उभाच राहिलो, काही तरी सांगायचे राहिले आहे असे वाटून. काही राहिले नव्हते. सोनटक्के पुढच्या मुद्द्याकडे वळले: पाण्याची बाटली.

त्या वर्गात अजूनही, नाव घेतले तरी उठू नका, असेच सांगतात. म्हणून येथे लिहून ठेवतो. विमानतळावर तुमचे नाव पुकारले तर उठा. कोणी गेले म्हणून निघाला असाल तर समोर भेटेल त्याला सांगा. पूर्वी मी वरिष्ठांना सुचवले होते की हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. भिंतीवर अजून अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रे आहेत. मी लिहिल्याने काही होईल अशी माझी अपेक्षा नाही. हा अंक वाचणारे बहुधा विमानाने जाऊन आलेले असतात, आणि ज्यांना हे कळायला हवे ते सोनटक्क्यांकडे जातात.

साडी माझ्याकडे आहे. त्या दिवशी घरी आणली तेव्हा पत्नीने दारातच विचारले, कोणाची? मी सांगितले. ती म्हणाली, "अहो, ही घरात नका आणू." मी ती स्कूटरच्या शेडमधल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. टाकून द्या असेही ती कधी म्हणाली नाही. पेटीतल्या डांबराच्या गोळ्या तीच बदलते.

श्रीयुत सोनटक्के यांना माझे म्हणणे खोटे वाटत असेल, तर त्यांनी येऊन पाहावे. पेटीला कुलूप नाही. साडी हिरवी आहे, तांबड्या काठांची. पिंपात पडल्याचा डाग तिच्यावर कोठेही सापडणार नाही. तिची घडी अजून मोडलेली नाही.